बेळगाव भागात फिरायला आल्यावर स्वस्तात जुनी लुगडी, इरकल, खण, जॅकेट कुठं मिळतात? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गोकाकचा धबधबा वाहायला लागला किंवा बदामी-दांडेलीचा सीझन आला की पाहुणे, मैत्रिणी, मैत्रिणींच्या मैत्रिणी सगळ्या एकच विचारतात, तुझ्याकडची ती जुनी इरकल कुठनं आणलीस. मी बेळगावची, शहापूर भागातली, लहानपणापासून मागाच्या आवाजात वाढलेली, त्यामुळं जुन्या कापडाचं वेड आहे ते आहेच. आता सगळं एकदाच सविस्तर लिहितेय.

एवढ्याशा गावात व्हिंटेज काय मिळणार? मुंबई-पुण्यातच बरं नाही का?

पाटी लावलेलं व्हिंटेजचं दुकान शोधत असाल तर गोकाक, सौंदत्ती, बदामी, खानापूर कुठंच मिळणार नाही. पण इथं माल घराघरात आहे. हा सगळा पट्टाच विणकरांचा आहे, बागलकोट जिल्ह्यात इलकल (आपली इरकल साडी या गावचीच) आणि गुळेदगुड्ड, बेळगावात शहापूर-वडगाव-खासबाग, आणि आपल्या आज्ज्यांनी आयुष्यभर हेच कापड नेसलंय. ती लुगडी अजून ट्रंकेत पडून आहेत. शहरात हीच लुगडी फोटो काढून, नाव देऊन, तिप्पट-चौपट भावात विकली जातात.

मग नेमकं जायचं कुठं?

टुरिस्ट स्पॉटच्या गेटवर अजिबात घेऊ नका. बदामीच्या लेण्यांच्या आसपास किंवा धबधब्याजवळ 'जुनी' म्हणून टांगलेली साडी बहुतेक वेळा नवीन पावरलूमची असते, दोनदा धुतली की जुनी दिसायला लागते एवढंच.

माझा क्रम सांगते. आधी गावातला जुना टेलर गाठा. बाजारपेठेतल्या आतल्या गल्लीत एखादा साठी ओलांडलेला टेलर असतोच, त्याच्याकडं न नेलेले कपडे वर्षानुवर्षं पडून असतात, सफारी, बेलबॉटम, मोठ्या कॉलरचे टेरिकॉटचे शर्ट, मजुरी दिली की तो खुशीनं देतो कारण त्याला जागा मोकळी करायची असते. शिवाय कुणाच्या घरी जुनं काय आहे ते त्याला पक्कं माहीत असतं.

दुसरी बोहारीण. भांडी देऊन जुने कपडे घेणाऱ्या बायका, टोपली घेऊन गल्लीत येतात त्या. घरोघरी गोळा केलेलं सगळं त्यांच्याकडं येतं, घरी नेऊन निवडतात, शिवून-टाके घालून बरं असेल ते आठवडी बाजारात मांडतात. बाजारात भाजीची रांग संपते त्याच्या पुढं जमिनीवर गठ्ठे सोडून बसलेल्या दिसतील, तिथं सकाळी लवकर जायचं. खासबागच्या आठवडी बाजारात अशी एक मावशी माझ्यासाठी काठाची लुगडी बाजूला काढून ठेवते, कारण मी तिला कधी घासाघीस करून दमवत नाही.

तिसरं म्हणजे जत्रा. बदामीजवळ बनशंकरीची जत्रा पौष पौर्णिमेच्या सुमाराला भरते आणि पुढं बरेच दिवस चालते, तिथं इरकल-खणाचे ढीग लागतात. माल नवाच असतो, पण दुकानात मागं पडलेले, घडीवर रंग उडालेले जुन्या स्टॉकचे तागे तिथं निघतात आणि ते स्वस्त लावतात.

कुणाच्या घरी जाऊन जुनी साडी मागणं बरं दिसतंय का?

ओळखीनं गेलात तर काहीच वाईट नाही. लॉजवाल्या काकू, जेवण देणारी खानावळ, रिक्षावाले मामा, यांच्याकडून शब्द टाकायचा. दुपारी तीन-चारच्या सुमाराला जा, जेवणं-झोप झालेली असते, आणि चहाला नको म्हणू नका.

आज्जी ट्रंक उघडतात तेव्हा घाई करायची नाही. लग्नातलं लुगडं, बाळंतपणात आईनं दिलेलं, असं एकेक काढून सांगत बसतात, ते ऐका. त्यातलं जे त्या स्वतः बाजूला ठेवतील तेच विचारायचं. मांडीवरनं खाली न ठेवलेलं लुगडं कधीही मागू नये, पैसे वाढवून तर अजिबातच नाही. आणि सुनेच्या किंवा मुलीच्या समोर व्यवहार करा, मागनं घरात वाद नकोत.

इरकल हातमागाची की पावरलूमची हे कसं ओळखायचं?

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण फसवणूक इथंच होते.

खऱ्या इरकलीत अंगाचा उभा धागा वेगळा आणि पदराचा उभा धागा वेगळा असतो. अंग सुती असलं तरी पदराचा ताणा (म्हणजे उभे धागे) रेशमी असतो, आणि पदर जिथं सुरू होतो तिथं दोन्ही ताण्यांचे धागे एकमेकांत फासे घालून अडकवलेले असतात. याला टोप-तेनी म्हणतात. साडी उलटी करून पदराच्या सुरुवातीला बोट फिरवा, एक बारीक उंचवटा लागतो, उजेडात धरलं तर कड्या कड्या दिसतात. आता पदराच्या लाल भागात नखानं धागे हलके बाजूला करा. उभा धागाही लाल, आडवाही लाल असेल तर पदर खरा. उभा धागा अंगाच्याच रंगाचा, म्हणजे निळा नाहीतर हिरवा दिसला, तर सलग विणलेला पदर आहे, मागावर जोडलेला नाही. विकणारा काहीही सांगू दे, धागा खोटं बोलत नाही.

पदरावर लाल पट्ट्यांच्या मधे पांढरी नक्षी असते, कंगव्यासारखी, डोंगराच्या रांगेसारखी, जोंधळ्याच्या कणसासारखी. काठ चिक्की, गोमी, गाडी, परासपेठ अशा नावांचे. दोन्ही किनाऱ्यांना थोड्या थोड्या अंतरावर टाचणीएवढी भोकं दिसतात, माग चालताना कापड ताणून धरणाऱ्या काडीची. विणीत कुठं कुठं जाड-बारीक असणारच. इलकल साडीला जीआय (त्या भागाचीच म्हणून सरकारी नोंद) मिळालाय, पण जुन्या लुगड्यावर कुठलं लेबल नसणार, त्यामुळं पदर बघायला शिका.

त्यावरचं भरतकाम हाताचं आहे का?

कशिदा असेल तर उलटं करून बघा. गवंती आणि मुर्गी या टाक्यांत दोन्ही बाजूला नक्षी सारखीच दिसते आणि गाठ कुठंच नसते. मशीनचं असेल तर मागं वेगळ्याच धाग्याचा गुंता दिसतो. तुळशीवृंदावन, रथ, हत्ती, पालखी, गोपुर ही जुनी नक्षी. नेगी टाक्यात मात्र मागची बाजू वेगळी दिसते, मेंथी टाक्यातही, त्यामुळं तेवढ्यावरनं मशीनचं म्हणू नका.

जरी खरी आहे का बघायला काय करायचं?

काठाच्या सुटलेल्या टोकाचा एक धागा सोला. आत लाल-केशरी रेशीम आणि वर काळपट पडलेली तार असेल तर चांदीची जरी असण्याची शक्यता जास्त, आत पांढरा प्लॅस्टिकसारखा धागा असेल तर नकली. खात्री सोनारच करून देईल.

इथं एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्या गल्ल्यांत 'जुन्या जरीच्या साड्या घेतो' म्हणत माणसं फिरतात. ते साडी नेसायला नेत नाहीत, काठ जाळून चांदी काढतात, उरलेलं कापड फेकून देतात. असली सुंदर लुगडी वजनावर गेलेली बघून माझा जीव तुटतो. त्यामुळं कुठली आज्जी 'त्या जरीवाल्याला देणार आहे' म्हणाली तर त्याच्यापेक्षा जास्त पैसे देऊन घ्या, शक्य असेल तर. आणि तुमच्या ऐपतीबाहेर असेल तर निदान तिच्या नातीला बोलावून दाखवा ही काय चीज आहे ते.

कपडा किती जुना आहे ते कसं कळणार?

लेबल वाचा. कोटाच्या आतल्या खिशावर, शर्टाच्या कॉलरला टेलरचं लेबल असतं, कापडाच्या किनारीवर मिलचा शिक्का असतो. पत्त्यात पिनकोड असेल तर 1972 नंतरचं, कारण पिनकोड त्या वर्षीच सुरू झाले. आपल्या भागाची खास खूण म्हणजे राज्याचं नाव. 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, मग म्हैसूर राज्यात, आणि 1 नोव्हेंबर 1973 ला म्हैसूरचं कर्नाटक झालं. 'बेळगांव, म्हैसूर स्टेट' असं छापलेलं लेबल म्हणजे मधल्या 17 वर्षांतलं, अर्थात टेलरनं जुनी लेबलं पुढं वापरली नसतील तर. किंमत आण्यांत लिहिली असेल तर साधारण 1957 च्या आधीचा माल, कारण त्या वर्षी नवे पैसे आले. फोनचे आकडे मोजा, जेवढे कमी तेवढं जुनं. मोबाइल नंबर असेल तर व्हिंटेज म्हणून जास्त पैसे देऊ नका.

नुसतं फाटकं, विटलेलं म्हणजे जुनं असं समजू नका. चांगली जपलेली पन्नास वर्षांची साडी कधी कधी कालच्या साडीपेक्षा ताजी दिसते.

भाव किती द्यायचा?

आधी एखाद्या चांगल्या दुकानात, शहापूरच्या खडेबाजारात किंवा थेट इलकलला, नव्या हातमागाच्या इरकलीचा भाव विचारून घ्या. तो आकडा डोक्यात ठेवायचा. जुनी पण धड, पदर शाबूत असेल तर त्याच्या निम्म्यापर्यंत द्यायला हरकत नाही. अंग विरलंय पण काठ-पदर चांगला, तर पाव भाव. नुसतं कापड म्हणून घेत असाल तर मीटरच्या हिशेबानं. कशिदा हाताचा असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, त्या मेहनतीचे वेगळे द्यायचे.

बाजारात मावशीशी थोडी घासाघीस चालते, ती पण तेवढं धरूनच सांगते. घरात आज्जीशी करायची नाही. त्यांना शहरातला भाव माहीत नसतो आणि त्याचा फायदा घेऊन शंभर रुपयात लुगडं उचलणं याला मी स्वस्त मिळालं असं म्हणत नाही.

कन्नड येत नाही, अडचण होईल का?

बेळगाव, खानापूर, निपाणी इकडं मराठीवर सगळं भागतं. गोकाक, सौंदत्तीला बऱ्याच जणांना मराठी कळतं. बदामी-इलकलकडं मात्र कन्नड लागतं. 'अक्का' नाहीतर 'अज्जी' म्हणून सुरुवात करा, 'हळे सीरी' म्हणजे जुनी साडी, 'एष्ट री?' म्हणजे किती हो, 'कम्मी माडरी' म्हणजे कमी करा. शेवटचा 'री' विसरू नका, त्यात मान आहे. तेवढं बोललात तरी चेहरे खुलतात बघा, आणि भाषेवरनं कुणी तोंड वाकडं केल्याचं लुगड्याच्या व्यवहारात मी बघितलेलं नाही.

बसस्टँडजवळ हातगाडीवर ढीग असतात ते जॅकेट-टीशर्ट कुठून येतात?

तीन प्रकार मिसळलेले असतात. एक एक्स्पोर्टचा रिजेक्ट माल, नवा पण शिवणीत खोट असलेला. दुसरे बाहेरच्या देशातून आलेले वापरलेले कपडे, त्यांच्या आयातीवर आपल्याकडं निर्बंध आहेत, गुजरातेत कांडलाच्या सेझमध्ये (निर्यातीसाठीच्या खास क्षेत्रात) निवडून परत निर्यात करायचा धंदा चालतो आणि त्यातलं काही देशातल्या बाजारात झिरपतं. तिसरे आपलेच वापरलेले. लोकरीचं जे अगदीच खपत नाही ते पानिपतला जातं, तिथं उसवून पुन्हा सूत-ब्लँकेट करतात.

घ्यायला हरकत नाही, डेनिम आणि कॉर्डुरॉय तर जरूर बघा. चेन दोनदा वर-खाली करा, काख आणि मांडीची शिवण उजेडात धरा, खिसे उलटे करा. आतले कपडे, मोजे, टोप्या घेऊ नका.

पुरुषांसाठी काय?

टेलरकडचा माल सांगितलाच. त्याशिवाय जुने फेटे, उपरणी, आणि जाड खादीचे नेहरू शर्ट बघा, बऱ्याच घरात आजोबांच्या पेटीत असतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असल्यामुळं मिलिटरी टाइप ग्रेटकोट, स्वेटर, सॅक बाजारात दिसतात. साधा ऑलिव्ह स्वेटर घ्या, पण बिल्ले-फिती असलेला किंवा आत्ताच्या युनिफॉर्मसारखा दिसणारा कपडा घालून हिंडू नका, कायद्याची भानगड आहे आणि इथं प्रत्येक गल्लीत एक तरी फौजी घर आहे, त्यांना ते बरं वाटत नाही.

जुन्या कोल्हापुरी चपला?

वापरलेल्या घेऊ नका, चामडं पहिल्या माणसाच्या पायाला बसलेलं असतं, तुम्हाला चावणार. त्यापेक्षा निपाणी-अथणीकडं कारागिराकडून नवी घ्या. कोल्हापुरीच्या जीआयमध्ये महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, बेळगाव त्यातलाच.

मेलेल्या माणसाचे कपडे असतील तर?

हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात, आणि विचारण्यात काही गैर नाही. आपल्याकडं आईचं, आज्जीचं लुगडं त्या गेल्यावर लेकीनं नेसायची पद्धत आहेच, त्यात माया असते. परक्या घरचं असेल आणि मनाला लागणार असेल तर सरळ विचारा, लोक खरं सांगतात. मी स्वतः घेते. धुऊन, एक दिवस उन्हात घालून, देवापुढं ठेवून मग नेसते.

वास, बुरशी, ढेकूण यांचं काय करायचं?

बेळगाव-खानापूरचा पाऊस म्हणजे ट्रंकेतलं कापडसुद्धा दमट होतं. घरी आणल्यावर लगेच कपाटात ठेवू नका. पिशवी बांधून बाहेरच ठेवायची, कडक उन्हात दोन-तीन दिवस काळ्या प्लॅस्टिकमध्ये तापवली की ढेकूण राहत नाहीत, रेशीम असेल तर ऊन टाळा आणि पिशवी घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशीचे डाग आधी कोरड्या ब्रशनं घराबाहेर झाडा, ओलं केलं की आत मुरतात.

धुवायच्या आधी ओला पांढरा कापूस पदराच्या लाल भागावर दाबून बघा. इरकलीचा लाल आणि नीळ दोन्ही सुटू शकतात, आणि एकदा लाल अंगावर पसरला की गेला. रंग सुटत असेल तर ड्रायक्लीन. नसेल तर थंड पाणी, रिठ्याचा फेस, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. जरीच्या साडीत डांबरगोळ्या नकोत, जरी काळी पडते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, सोबत वेखंडाचा तुकडा कापडात बांधून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच फाटते.

नऊवारी नेसता येत नाही, मग काय उपयोग?

नऊवार म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. पदराकडनं सहावार राखून साडी करा, उरलेल्यात ब्लाउज किंवा लहान मुलीचं परकर-पोलकं बसतं. अंग विरलेलं असेल तर काठ-पदर काढून साध्या सुती कुर्त्याला, दुपट्ट्याला लावा. पदर शाबूत असताना मात्र कात्री लावू नका, रीलमध्ये इरकलीचे जॅकेट शिवलेले दिसतात त्यातल्या बऱ्याच साड्या नेसण्याजोग्या होत्या, ते मला पटत नाही.

साडी नको, लहानसं काहीतरी स्वस्तात?

खण. गुळेदगुड्डचा जुना खण. ओटीत आलेले खण घराघरात न शिवता पडलेत, वीस-तीस वर्षांपूर्वीचे, घडीसुद्धा न मोडलेले. बारीक बुट्टीचे, चमकदार, गर्द रंगांचे. हल्ली ओटीत टेरिकॉटचे ब्लाउजपीस घालतात, त्यामुळं त्या ढिगात खालनं शोधायचं. एका खणात मोठ्या मापाचं ब्लाउज बसत नाही, दोन जुळणारे बघा किंवा बाह्यांना दुसरं कापड लावा.

अगदीच फाटकं निघालं तर?

वाकळ, म्हणजे गोधडी, शिवून घ्या. आपल्याकडं जुन्या लुगड्यांच्या वाकळी, कन्नड भागात त्यालाच कौदी म्हणतात, आणि हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकेतून आलेल्या समाजाच्या) बायका कडेनं आत आत जात ठिगळांची फारच देखणी कवंद शिवतात. लुगडं तुमचं आणि मजुरी त्यांची, असं करून देणाऱ्या बायका बहुतेक गावात मिळतात. मजुरी ठरवताना टाके बघा आणि मग आकडा बोला.

यायला चांगली वेळ कुठली?

घटस्थापनेच्या आधीचा आठवडा-पंधरवडा. घरोघरी दसरा काढतात तेव्हा, म्हणजे वाकळी, चादरी, ट्रंका सगळं बाहेर येतं, धुतलं जातं, आणि 'हे आता कशाला ठेवायचं' हा विचार बायका त्याच दिवसांत करतात. धबधब्यालाही तोवर पाणी असतं. सौंदत्तीला यल्लम्माच्या पौर्णिमांना गर्दीत कपडे बघायचं मनात आणू नका, उभं राहायला जागा नसते.

प्रवासखर्च वाचवायचा तर?

कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना शक्ती योजनेत जून 2023 पासून सरकारी साध्या आणि एक्स्प्रेस बसला तिकीट नाही, इथल्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं. म्हणजे बेळगावहून बदामी, गुळेदगुड्ड, इलकल फुकटात होतं आणि वाचलेले पैसे लुगड्याला. महाराष्ट्रातून येणाऱ्या बायकांना तिकडच्या एसटीत अर्धं तिकीट आहे, पण ते इकडच्या बसला चालत नाही. येताना एक रिकामी कापडी पिशवी, सुट्टे पैसे आणि छोटा टॉर्च आणा, ट्रंक बहुतेक वेळा अंधाऱ्या खोलीत असते.